थट्टेचा सोयरा

पहाटेच्या धुक्यात प्लॅस्टिकच्या चपला फटक फटक वाजू लागल्या की तावेते मास्तर अंथरुणातून उठायचा. जाग त्याला कितीतरी आधी आलेली असायची, पण उठायला काही कारण लागतं. चपला शेजारच्या सायोको बाईंच्या. ती शाळेच्या हातपंपावर पाण्याला निघालेली असायची.

दोन वर्षांपूर्वी ती जपानहून लिकुंबे गावच्या शाळेत गणित शिकवायला आली, बिनपगारी. तेव्हा बादली दोन्ही हातांनी धरूनही घरी पोचेपर्यंत निम्मी सांडायची. शाळेच्या मुली तिच्या मागून तोंडावर हात धरून चालायच्या. तावेतेची बायको जेनेरोझा अंगणातून हे बघायची. शेवटी एक दिवस तिने बाईला हाक मारली, फडक्याची चुंबळ वळून तिच्या डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, "पायांकडे बघू नकोस पोरी, लांब बघ." आता सायोको डोक्यावर बादली घेऊन यायची, वाटेत भेटेल त्याची रीतसर चौकशी करायची, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मका वाळला का, आणि बादलीतलं पाणी हलायचंही नाही.

कुंपणापलीकडून मान न वळवता ती विचारायची, "मास्तर, झोप लागली का?"

"लागली," तो सांगायचा. ते खोटं असायचं आणि तिलाही ते माहीत असायचं.

जेनेरोझाला जाऊन महिना होत आला होता.

शाळेत दोघं बरोबरच जायची. तावेते तिथला उपमुख्याध्यापक, भूगोल शिकवायचा. सायोकोच्या वर्गात एका बाकावर चार-चार मुलं बसायची आणि उरलेली खिडकीत. फळा इतका गुळगुळीत झाला होता की खडू नुसता घसरायचा. मग ती मुलांना घेऊन जुन्या बॅटऱ्यांमधला कोळसा फोडायची, कसाव्याच्या पानांबरोबर कुटायची आणि फळ्यावर चोळायची. दिवसभर तिचे हात काळे. मधल्या सुट्टीत तेच हात धुऊन मका-घेवड्याची वाटी घेऊन ती शिक्षकांच्या खोलीत यायची. पहिल्या वर्षी ती गणिताची वही तपासत एकटी जेवायची. जेनेरोझाने तिला सांगितलं की आमच्यात एकटं जेवणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर चोर. तेव्हापासून ती सगळ्यांत बसून जेवायला लागली.

जेनेरोझाने तिला जवळजवळ सगळंच शिकवलं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली. सांगायची राहिली, कारण इथे ती कुणाला सांगावी लागत नाही.

ती गोष्ट किकोती मास्तरची. किकोती इतिहास शिकवायचा. तो इरिंग्याचा, हेहे जमातीचा, आणि तावेते इथला न्गोनी. दोघांच्या पणजोबांनी एकमेकांची गावं जाळली होती. लढून लढून दमले, तेव्हा त्यांनी थट्टेचं नातं जोडलं. त्या दिवसापासून हेहे माणूस न्गोनी माणसाला वाटेल ते बोलतो आणि न्गोनीही त्याला बोलतो. राग मानायचा नाही. जो राग मानेल त्याची बेअब्रू.

तावेते सकाळी खोलीत शिरला की किकोती पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "आमचा गुलाम आला वाटतं. चहा गार झालाय, गरम करायला सांगा त्याला."

तावेते दाराबाहेर तोंड काढून ओरडायचा, "अरे पोरांनो, कुत्री बांधून ठेवा. इरिंग्याचा पाहुणा सकाळपासून उपाशी दिसतोय."

न्गोनी म्हणजे दक्षिणेकडून पळून आलेले गुलाम आणि हेहे म्हणजे कुत्री खाणारे, हे दोन्हीकडचे ठरलेले टोमणे. हे सतरा-अठरा वर्षं चाललं होतं. जेनेरोझा त्यात मागे नसायची. किकोती घरी आला की ती त्याला मुद्दाम मोडक्या स्टुलावर बसवायची.

आणि घरात कुणी गेलं की थट्टेच्या सोयऱ्याचं खरं काम सुरू होतं. खड्डा तो खणतो, पाणी तो आणतो, आणि हे करता करता मेलेल्या माणसाची नक्कल करतो, घरच्यांना टोमणे मारतो, काहीतरी उचलून पळतो. रडता रडता माणसं हसतात. शेवटी दुखवटा उठवायच्या दिवशी तोच अंगणातल्या शेकोटीची राख झाडतो. शोकाच्या दिवसांत ती शेकोटी सारखी पेटती असते आणि पुरुष तिच्याभोवती बसतात. राख झाडली की बसलेला माणूस उठला, गेलेला माणूस गेला. घरच्यांनी स्वतः राख झाडायची नसते.

जेनेरोझाला पुरताना किकोती सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरला. तिचंच डोक्याचं फडकं त्याने डोक्याला बांधलं होतं. खड्ड्यात तो आडवा झाला आणि हात छातीवर घेऊन म्हणाला, "ही जागा माझी. हिने जन्मभर मला पाण्यासारखा चहा पाजला. हिला जमिनीवर कुठेही ठेवा. मला कोंबडी दिल्याशिवाय मी उठत नाही."

बायकांमधून हुंदक्यासारखं हसू फुटलं. तावेतेच्या छातीवरचा दगड किंचित हलला. तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात सायोको पुढे आली.

दवाखान्यात जेनेरोझाजवळ ती पाळीपाळीने बसली होती. तिचे केस विंचरले होते, तिची पाठ पुसली होती. आता सायोकोचे डोळे सुजले होते. ती खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून खाली वाकली आणि किकोतीच्या डोक्यावरचं फडकं तिने ओढून काढलं.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" ती म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "ती तुम्हाला भाऊ म्हणायची. बाहेर या. इथून जा."

तिला कुणी अडवलं नाही. शोकाच्या घरी आलेल्या माणसाला तुझं चुकलं म्हणत नाहीत. आणि ही तर परकी, रडणारी. किकोतीने तिच्याकडे पाहिलं, मग तावेतेकडे पाहिलं. तावेतेने मान खाली घातली. किकोती वर चढला, पँटची माती झटकली आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. बाकीचं सगळं गुपचूप पार पडलं. इतकं गुपचूप की मातीचं प्रत्येक ढेकूळ पेटीवर पडताना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून किकोती तावेतेशी सभ्यपणे बोलू लागला.

"नमस्कार, मास्तर. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"काही लागलं तर सांगा."

अहो-जाहो. सतरा-अठरा वर्षांत नाही ते. पुरताना वाटलं नसेल तितकं तावेतेला तेव्हा एकटं वाटलं.

सायोकोला वाटलं, आपण बरोबर केलं. त्यानंतर तिने तावेतेला जणू अंड्यासारखं जपायला घेतलं. शिक्षकांच्या खोलीत कुणी मोठ्याने हसलं की ती तिकडे बघायची आणि हसणारा गप्प व्हायचा. संध्याकाळी ती झाकण घातलेलं पातेलं घेऊन यायची, भात आणि तळ्यावरची सुकी मासळी. दोघं समोरासमोर बसून जेवायची. ती बोलायची नाही. तिच्या देशात दुःखात असलेल्या माणसाजवळ गप्प बसणं हा मान असतो, असं तिने एकदा जेनेरोझाला सांगितलं होतं. तावेते भात चिवडायचा आणि मनात म्हणायचा, देवा, कुणीतरी मला गुलाम म्हणा.

त्याची मोठी बहीण कोलेटाअक्का शोकासाठी आली ती तिथेच राहिली होती. ती सगळं बघत होती. एक दिवस मका सोलताना तिने विषय काढला. पुढच्या शनिवारी दुखवटा उठवायचा. दार-एस-सलामहून मुलगी येणार, पाद्री येणार, जेनेरोझाचे कपडे वाटायचे. आणि राख?

"किकोती येईल," तावेते म्हणाला.

"येईल आणि पाहुण्यासारखा बसेल. काढून लावलेला सोयरा आपण होऊन काम करत नाही, हे मी तुला सांगायला पाहिजे का? आणि तू त्याला बोलावू शकत नाहीस. घरचा माणूस, या माझी टिंगल करा, असं कुठे म्हणतो?"

"नाही म्हणत."

"मग ज्याने काढलं त्यानेच परत आणायला पाहिजे. त्या पोरीला सांग."

तावेते कणसाचे दाणे सोलत राहिला. मग म्हणाला, "तिला कुणी काही सांगायचं नाही, अक्का. तूसुद्धा."

"का?"

त्याने कारण सांगितलं नाही. जेनेरोझा गेली तेव्हा तो खाली औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होता. वर आला तेव्हा तिचा हात सायोकोच्या हातात होता आणि सायोको तो सोडत नव्हती. परिचारिकेला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. अशा मुलीला, तू माझ्या बायकोचं मरण अर्धं ठेवलंस, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा राख राहू दे. पाऊस आला की जाईल वाहून. पण पाऊस पाच महिने लांब होता, आणि नुसत्या पावसाने वाहून गेलेल्या राखेला गावात कुणी मोजत नाही, हेही त्याला माहीत होतं.

अक्का म्हणाली, "तिची मर्जी राखायला तू माझ्या भावजयीला दारात उभं करून ठेवतोयस." आणि सूप उचलून आत गेली.

बुधवारी दुपारी सायोको दोन मुलींना घेऊन तावेतेच्या खोलीत आली. दोघी वरच्या वर्गातल्या. एक एमेरिता, न्गोनी. तिची आजी वारली म्हणून ती आठवडाभर घरी होती, आजच परतली होती. दुसरी तिच्याच बाकावरची लुचियाना, हेहे. सायोकोचे कान लाल झाले होते.

तिने सांगितलं ते असं. एमेरिता वर्गात शिरली, सगळे उभे राहिले, आणि ही लुचियाना सगळ्यांसमोर म्हणाली, आजी गेली ते बरं झालं, म्हातारी सगळे शेंगदाणे एकटी खायची, आता ती गोणी माझी. असं म्हणून हिने तिच्या दप्तरातले शेंगदाणे काढून खाल्ले. सायोकोने तिला माफी मागायला लावली. तिने मागितली. तेव्हापासून एमेरिता रडतेय ती थांबतच नाही.

"हिला शिक्षा करा, मास्तर," सायोको म्हणाली. "मी शाळेत काठीच्या विरुद्ध आहे, ते तुम्हाला माहीत आहे. पण दुसरी काहीतरी कडक शिक्षा करा. दुःखात असलेल्या माणसाशी असं वागतात?"

तावेतेने दोघींकडे पाहिलं. लुचियाना जमिनीकडे बघत होती. एमेरिताचं नाक वाहत होतं.

त्याने एमेरिताला विचारलं, "बाळ, ती बोलली तेव्हा तू रडत होतीस?"

"नाही, सर."

"मग कधी रडलीस?"

"तिने माफी मागितली तेव्हा."

सायोकोला वाटलं आपल्याला भाषा नीट कळली नाही. तिने पुन्हा विचारलं. एमेरिताने पुन्हा तेच सांगितलं आणि मग तिचा बांध फुटला. "आठवडाभर सगळे माझ्याशी हळू हळू बोलतायत, मॅडम. घरीही आणि वाटेतही. मी रस्ताभर म्हणत आले, लुचियाना आहे, ती काहीतरी घाण बोलेल. आणि ती बोलली. आणि तुम्ही तिला सॉरी म्हणायला लावलं. आता ती मला सॉरीच म्हणणार. ती नाही बोलली तर मला कोण बोलणार?"

लुचियाना हळूच म्हणाली, "शेंगदाणे खवट होते." आणि एमेरिता रडता रडता खुदकन हसली.

तावेतेने दोघींना वर्गात पाठवलं. सायोको तिथेच उभी राहिली. खिडकीबाहेर मुलं झाडूने अंगण झाडत होती, त्याची धूळ आत येत होती. तिने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"ती हेहे आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि किकोती मास्तर हेहे आहेत."

तावेतेने टेबलावरची वही मिटली. तिला तेवढं पुरलं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं? महिना झाला. मी रोज तुमच्याकडे जेवते."

"बाई, तुम्ही प्रेमाने केलंत."

"म्हणून काय झालं?" ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याच्यावर चिडलेली त्याने पाहिली. "मुलं प्रेमाने चुकीचं गणित करतात. मी बरोबरची खूण करते का?"

मग त्याने सगळं सांगितलं. खड्डा, फडकं, कोंबडी, शनिवार, राख. आवाज चढवला नाही. ती ऐकत राहिली. मधे एकदाच तिने विचारलं, "म्हणजे जेनेरोझा अजून इथेच आहे?"

"लोक तसं मानतात."

"तुम्ही?"

"मी अजून उठलेलो नाही, एवढं मला माहीत आहे," तावेते म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी गावाने सायोकोला सायकलीवरून किकोतीच्या घराकडे जाताना पाहिलं. पुढच्या टोपलीत जिवंत कोंबडी होती. तिचे पाय बांधायचे सायोकोला सुचलं नव्हतं. वळणावर कोंबडी उडाली आणि भट्टीवर बसलेल्या पुरुषांनी बांबूची दारू खाली ठेवून ती पकडून दिली. तावेते अंगणातून बघत होता. अंधार पडायच्या आत ती परत आली. कोंबडी टोपलीतच होती.

"घेतली नाही?" त्याने कुंपणावरून विचारलं.

सायोकोने नाही अशी मान हलवली, आणि त्या दिवशी ती भात घेऊन आली नाही. शुक्रवारीही नाही. तावेतेने ओळखलं, जमलं नाही. किकोतीवर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी तावेते असता तर त्यानेही कोंबडी परत केली असती. चारचौघांत काढून लावलेला माणूस घरात गुपचूप दिलेल्या कोंबडीने परत येत नाही.

शनिवारी सकाळी पाद्री येऊन प्रार्थना करून गेला. अंगणात चटया टाकल्या होत्या. जेनेरोझाचे कपडे अक्काने गाठोड्यातून काढून बायकांमध्ये वाटले, मुलीला तिची चांगली शाल मिळाली. मक्याच्या पिठाचा उगाली झाला, बोकडाचं मटण झालं, सगळे जेवले. मग बोलणं हळूहळू थांबलं. अंगणाच्या मध्यावर विझलेल्या शेकोटीची राख होती. तिच्या कडेला तावेते बसला होता, त्याच जागी, महिनाभर बसायचा तिथे. झाडू भिंतीला टेकवलेला होता. सगळ्यांची नजर झाडूवर जात होती आणि तिथून किकोतीवर. किकोती इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत हात जोडून बसला होता, पाहुण्यासारखा.

एक म्हातारा खोकला. अक्काने तावेतेकडे पाहिलंच नाही.

तेव्हा घरातून सायोको बाहेर आली. जेनेरोझाचं निळ्या माशांच्या छापाचं किटेंगे, नेसायचं सुती कापड, तिने कमरेला गुंडाळलं होतं. ते तिला दोनदा फिरून उरलं होतं. डोक्याला फडकं. हे कपडे वाटणीत आले नव्हते, हे तावेतेच्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे अक्काने बाजूला काढून ठेवले होते.

सायोको राखेपलीकडे उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा माणूस," ती तावेतेकडे बोट दाखवून पाठ केल्यासारखं म्हणाली, "हा माणूस दक्षिणेकडून पळत आलेला गुलाम आहे."

कुणी हसलं नाही. कुणीतरी पोर विचारू लागलं, मॅडम काय म्हणतायत, आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सायोकोने किकोतीकडे पाहिलं. किकोतीने आभाळाकडे पाहिलं. पुढचं वाक्य ती विसरली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. तावेतेला वाटलं, उठावं, पुरे बाई म्हणावं, तिला आत घेऊन जावं. तो उठायला लागला.

"बस खाली," सायोको म्हणाली.

तो बसला. तो आवाज सायोकोचा नव्हता. तिने डावा हात कंबरेवर ठेवला, मान एका बाजूला टाकली आणि खालचा ओठ पुढे काढला. बायकांच्या बाजूने कुणीतरी श्वास आत ओढला.

"बसला बघा. सांगितलं की बसतो. ह्या माणसाशी मी कधी भांडले का? विचारा ह्याला. नाही भांडले. भांडून उपयोग काय, हा भूगोलाचा माणूस. आपण बोलावं आणि हा डोंगराकडे बघणार. मग मी काय करायची माहीत आहे? मीठ टाकायची."

बायकांमध्ये एकजण फिसकन हसली.

"घेवड्यात. थोडा राग, थोडं मीठ. जास्त राग, जास्त मीठ. त्या पोरीला, त्या जपानवालीला, मी चुलीपाशी बसवून सांगायची, बघ आता, हा पहिला घास घेईल. आणि हा काय म्हणायचा?" सायोकोने चटईवर बसून ताट पुढे ओढल्यासारखं केलं, तावेतेसारखा चष्मा नाकावर ढकलला, एक घास खाल्ला, जरा थांबली आणि गंभीरपणे म्हणाली, "'आज छान झालाय. आणखी वाढ.'"

आता सगळं अंगण हसत होतं. तावेतेची मुलगी शाल तोंडात कोंबून हसत होती. सायोको पुन्हा उठली, पुन्हा हात कंबरेवर. "तो घरी न विचारता भावाला बैल देऊन आला, त्या दिवशी मी इतकं मीठ टाकलं की मला स्वतःला गिळेना. ह्याने दोनदा वाढून घेतलं. रात्रभर पाणी पीत होता. मी अंधारात पडून ऐकत होते आणि उशीत तोंड घालून हसत होते. गेला माझा राग. असा नवरा देवाने कुणाला देऊ नये."

थट्टेला उत्तर द्यायचं असतं. सगळे तावेतेकडे बघू लागले. तो राखेकडे बघत होता. त्याला तो बैल आठवला, ती रात्र आठवली. मातीचा माठ आठवला. आपल्याला वाटत होतं ती झोपलीय.

"मला खारट लागायचं," तो म्हणाला.

"काय म्हणालास? मोठ्याने बोल," जेनेरोझाच्या आवाजात सायोको म्हणाली.

"खारट लागायचं मला, जेनेरोझा. नेहमी कळायचं. मला वाटायचं, तू दमलीयस, हात चुकला असेल. म्हटलं, बोलायला नको." त्याने चष्मा काढला. "मला काय माहीत तू रागावलीयस. सांगायचं नाही का?"

आणि मग तो रडला. दवाखान्यात रडला नव्हता, पुरताना रडला नव्हता, तो चष्मा हातात घेऊन पोरासारखा रडला, आणि त्याच वेळी हसूही येत होतं, त्यामुळे त्याला धड काहीच जमेना.

मागच्या रांगेत खुडबूड झाली. किकोती माणसं ओलांडत पुढे येत होता.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "ह्यांचे पणजे आमच्याशी लढले म्हणे. कसे लढले असतील कोण जाणे. ह्याला जन्मभर बायकोला खारट झालंय एवढं म्हणवलं नाही. आणि तू गं, जपानवाले, मी तुला काय शिकवलं आणि तू काय बोललीस? एक वाक्य दिलं होतं, ते पण असं म्हणालीस जसं पाढे म्हणतेस. बाजूला हो. हे माणसाचं काम आहे, मास्तरणीचं नाही."

त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि भिंतीचा झाडू घेतला. बायकांनी ओरड केली. राखेचा पहिला लोट उठला आणि पुढच्या रांगेतले खोकत मागे सरकले.

सायोको तावेतेशेजारी चटईवर बसली.  तिने डोक्यावरचं फडकं काढलं नाही.

"आणखी काय म्हणायची ती?" तावेतेने विचारलं.

"खूप आहे," सायोको तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "तुमच्या गाण्याबद्दल आहे. तुमच्या भावाबद्दल तर पुष्कळच आहे."

"सांगा."

"आत्ता?"

"आत्ता नाहीतर केव्हा?"

तिने सांगायला सुरुवात केली. किकोती झाडत झाडत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. तावेते बसला होता तिथे त्याच्या पायांखाली अजून राख होती.

"पाय उचल, गुलामा," किकोती म्हणाला. "का तेही मीच करू?"

"करशील ना. जेवलायस ना आज? का आमच्या अंगणातला कुत्रा मोजून ठेवू?" तावेते म्हणाला, आणि सायोकोच्या खांद्याचा आधार घेऊन उठून उभा राहिला.